लिनफनला उतरलेल्या अहोआई

चीनला जायचं ठरवलं मंदारने आणि गेलो आम्ही दोघी. दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. मंदार माझा नवरा, र्युसेल्सहाइममध्ये गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याचा बेत नामी होता. आई कराडहून येणार, आम्ही फ्रँकफर्टहून, बीजिंगला भेटायचं आणि पाठीला सॅक लावून दहा-बारा दिवस हिंडायचं. निघायच्या आठवड्यात त्याच्या नव्या मॉडेलचं काहीतरी बिनसलं आणि नवरोबांनी स्वतःहून उरलाउब, म्हणजे रजा, मागे घेतली. व्हिसासाठी फ्रँकफर्टला दोन खेपा झालेल्या, तिकिटांचे पैसे परत मिळणार नव्हते. "तुम्ही दोघी जा ना," तो म्हणाला, जणू कोपऱ्यावरून पाव आणायचा होता.

आता खरं सांगते. सासूबाईंशी माझं भांडण नाही. भांडण असतं तर बरं झालं असतं! लग्न झालं आणि महिन्याभरात मी जर्मनीला आले. त्यानंतर कराडला गेले ती पाहुणी म्हणूनच. नवा टॉवेल, चांगली ताटं, "तू बस गं, दमून आलीस." मी डब्यातून चॉकलेटं नेली की तोच डबा चकल्यांनी गच्च भरून परत यायचा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा वेद. माझी आई ती 'आई', म्हणून या 'अहो आई', आणि सहा वर्षांत मनात त्याचा एकच शब्द झालाय, अहोआई. मंदारला त्या दिवसातून तीनदा 'बावळट' म्हणतात. मला कधीच नाही. तुम्ही हसाल, पण मला त्याचा हेवा वाटायचा. मला त्या घरातलं व्हायचं होतं, आणि मंदारविना हे जमेल का, याच धास्तीने मी विमानात बसले.

बीजिंगच्या विमानतळावर अहोआई दिसल्या: गुलाबी साडी, पांढरे स्पोर्ट्स शूज, पाठीवर मंदारची कॉलेजची सॅक. सॅकमध्ये कपडे कमी आणि फराळ जास्त. पहिले तीन दिवस झकास गेले. भिंत बघायला मुतियान्युला जा, तिथे गर्दी कमी असते आणि वर न्यायला रोपवेचा पाळणा आहे. आमच्याभोवती मात्र गर्दी झालीच, कारण साडीतल्या बाईबरोबर फोटो काढायला चिनी पर्यटकांची रांग लागली. "अगं, यांना सांग, भिंत तिकडे आहे!" अहोआई म्हणाल्या, पण पदर सावरून प्रत्येक फोटोत हसल्या.

शाकाहारींसाठी एक सूचना. 'मांस नको' असं चिनीत लिहिलेला कागद जवळ ठेवा, आणि त्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही घेवड्याची भाजी मागवली, ती वर खिमा भुरभुरवून आली. खिमा म्हणजे मांस नव्हे, चवीपुरता, असा तिथला हिशेब असावा. त्यानंतर अहोआईंनी साधा भात मागवायचा आणि कराडचं मेतकूट कालवायचं, असंच चाललं. गरम पाणी मात्र देशभर फुकट मिळतं, आपली बाटली न्या.

बीजिंगहून शिआनला बुलेट ट्रेन आहे, पण आम्ही स्वस्तातली, रात्रभर चालणारी स्लीपर घेतली. आपल्यासारखेच एकावर एक तीन बाक. वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालचा बाक आधीच मागा. स्टेशनात शिरताना सामान तपासतात. तिथे अहोआईंचा अडकित्ता सापडला. हे हत्यार कशाचं, असं शिपायाने खुणेने विचारलं. अहोआईंनी त्याच्यासमोर सुपारी कातरून दाखवली. त्याने कौतुकाने पाहिलं आणि अडकित्ता ठेवून घेतला. "मग ही पण घे," म्हणत अहोआईंनी सुपारीची पुडीही त्याच्या हातावर ठेवली. "कातरणार कशाने आता? माझ्या दातांनी?"

समोरच्या बाकावर त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या, कुरळे आखूड केस आणि मोठा आवाज. छातीवर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "चेन." झालं, त्या चेनकाकू झाल्या. अहोआईंनी फराळाच्या स्टीलच्या डब्यातले लाडू पुढे केले. चेनकाकूंनी आपल्या लाल झाकणाच्या डब्यात सूर्यफुलाच्या बिया दिल्या. बिया काढून घेतल्यावर अहोआई म्हणाल्या, "रिकामा कसा देऊ?" आणि त्यात शंकरपाळे भरले. चेनकाकूंनी शंकरपाळे काढले, डब्याकडे पाहिलं, आणि चहात उकडलेली अंडी भरून परत!

"अगं बाई, अंडी! तू खा गुपचूप, आणि त्यात चार लाडू घाल."

त्या मराठीत बोलत होत्या, चेनकाकू चिनीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. दोघींवर संस्कार एकच, त्यामुळे हे संपायची लक्षणं दिसेनात.

सकाळी लिनफन नावाचं स्टेशन आलं. मी बोगीच्या टोकाला दात घासत होते. चेनकाकू हात हलवत उतरून गेल्या. पुढचं मला नंतर कळलं. लाल झाकणाचा डबा टेबलावर राहिलेला अहोआईंना दिसला. तो रिकामा होता! नुसता उचलून पळाल्या असत्या तर वेळेत परत आल्या असत्या. पण नाही. बाईंनी स्टीलचा डबा उघडला, उरलासुरला चिवडा त्यात ओतला, झाकण नीट लावलं, आणि मग पळाल्या.

मला दिसली ती खिडकीबाहेरून पळत जाणारी गुलाबी साडी. आणि गाडी हलली.

माझ्याजवळ दोन सॅका, दोघींचे पासपोर्ट आणि तोंडात ब्रश. त्यांच्याजवळ चिवडा. फोनसुद्धा बाकावर राहिलेला. मंदारला काय सांगू? तुझी आई चीनमध्ये हरवली? (पासपोर्ट ज्याचे त्याच्या कमरेला ठेवा. एवढं तरी माझ्याकडून शिका.) मी रडत गाडीतल्या मदतनीस मुलीला कॅमेऱ्यातला अहोआईंचा फोटो दाखवला, मागे बोट करत "लिनफन, लिनफन" म्हणत राहिले. तिने कुठेकुठे फोन लावले. मग आपल्या मोबाइलवर इंग्रजी भाषांतर करून माझ्यापुढे धरलं. त्याचा अर्थ होता: वृद्ध बाई सापडली. ती खात आहे.

पुढच्या स्टेशनवर तिने मला सामानासकट उतरवलं आणि तिथल्या लोकांनी उलट्या गाडीत बसवून दिलं. तिकीटही कुणी विचारलं नाही. लिनफनच्या वेटिंग रूममध्ये पोचले, तर अहोआई बाकावर मांडी घालून बसलेल्या, समोर नूडल्सचा वाडगा, आणि शेजारी चेनकाकू. त्या घरी गेल्याच नव्हत्या. अहोआईंचं मनगट त्यांनी असं घट्ट धरलं होतं, जणू कुणी त्यांना पळवून नेईल.

"आलीस?" अहोआई हसल्या. "बस, दमली असशील. खाऊन घे आधी."

पुन्हा तेच, पाहुणीला म्हणावं तसं! माझा बांध फुटला. "अहो आई, अक्कल आहे का तुम्हाला? मूठभर चिवड्यासाठी? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? मी काय केलं असतं?" अख्खी वेटिंग रूम वळून बघायला लागली. चेनकाकूंनी माझ्याकडे पाहिलं, अहोआईंकडे पाहिलं, आणि समजल्यासारखी मान हलवून वाडगा माझ्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत शिआन गाठलं. मातीचे सैनिक बघण्यासारखे आहेत, अख्खा दिवस ठेवा. मला मात्र त्यातला एकही चेहरा धड आठवत नाही. अहोआई कमी बोलत होत्या, आणि सहा वर्षांत जे थोडंफार जमलं होतं, ते मी एका तडाख्यात घालवलं असंच मला वाटत होतं. दोनदा माफी मागितली. "असू दे गं," एवढंच उत्तर मिळालं. बीजिंगला निरोप घेताना मी वाकले, त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या.

फ्रँकफर्टहून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, घरी आले, आंघोळ केली, सॅक उपसली. तळाशी साडीच्या पिशवीत गुंडाळलेला स्टीलचा डबा निघाला, झाकणावर त्यांचं नाव कोरलेला. त्यांनी कधी ठेवला कोण जाणे. उघडला, तर रिकामा. वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी माझा डबा नेहमी लख्ख धुऊन रिकामाच परत देतात, इथली रीतच ती, मला कधी काही वाटलं नाही. पण हा डबा हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडायला लागले.

"आईने रिकामा डबा दिला?" मंदार म्हणाला. "शक्यच नाही. आल्झो, मग फोनच लाव."

लावला. मी कशीबशी म्हणाले, "अहो आई, तुमचा डबा माझ्याकडे आलाय. रिकामा."

"मग? मीच घातला. चिवडा संपला, ओझं कशाला वाहू?"

"पण तुम्ही रिकामा कधी..."

"अगं, तो नियम परक्यांसाठी. पाहुण्यांसाठी. त्या स्टेशनात काय ओरडलीस माझ्यावर! इतकं तर मंदारही कधी ओरडला नाही. बरं वाटलं गं मला. कुणी पाहुणी ओरडते का अशी?"

मी डबा छातीशी धरून नाक ओढलं.

"रडतेस की काय? दिवाळीला येशील तेव्हा आण तो. रिकामाच आण, इथे भरू. आणि सामानात वर ठेव, पोचा येईल त्याला. कळलं का, बावळट?"