एकवीस घोषणांचं कालवण

अंडं शिजायला किती वेळ लागतो, या प्रश्नाला 'एकवीस घोषणा' असं उत्तर देणारा माणूस उभ्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला आणि तो माझा खोलीवाला होता. मी त्यांना दादा म्हणत असे आणि ते मला मास्तर. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं राहत होतो. ते जवळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते, मी परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीला शिकवत होतो. त्यांचं बिऱ्हाड मालवणकडे गावी. खोली त्यांच्या काकांपासून त्यांच्याकडे आलेली, आणि मला त्यांनी भाडेकरू म्हणून नव्हे तर कांदा चिरणारा म्हणून ठेवून घेतलं होतं असा माझा आजही समज आहे.

दादांना जन्मापासून घाई होती. कशाची ते त्यांनाही माहीत नसावं. धोतराचा काष्टा ते जिना उतरता उतरता खोचत, चहा बशीत ओतायच्या आधीच फुंकायला लागत, आणि गिरणीच्या दारात पाळीच्या तासभर आधी पोचून तिथल्या कट्ट्यावर स्वस्थ बसून राहत. अशा माणसाला वरणभात रांधत बसणं कसं परवडणार? म्हणून त्यांनी एक पदार्थ पक्का केला होता आणि आठवड्यातून पाच दिवस तो होत असे. जर्मनची एक पसरट पातेली होती, लंगडी म्हणतात तशी. तिच्यात तेल, ठेचलेला लसूण, मी चिरलेला कांदा, गावाहून आलेल्या बरणीतला लालभडक मसाला आणि मग हातानंच कुस्करलेले टोमॅटो. कडेनं तेल सुटलं की पळीच्या पाठीनं रश्शात खळगे करायचे, एकेका खळग्यात एकेक अंडं फोडून सोडायचं आणि वर ताट झाकायचं. त्यानंतर लंगडीला कोणी हात लावायचा नाही. एकदा त्यांच्या खात्यातल्या एका जोडीदारानं उत्साहाच्या भरात ताट उचलून रस्सा ढवळला. दादांनी त्याला वाढलं सगळं, पण पाव हातात देताना म्हणाले, "एकदा अंडा पडला काय तेका सुखान रवाक देवा. तुमका झोपेतसून कोणी ढवळल्यान तर चलात?" तो गृहस्थ पुन्हा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा दोन्ही हात पाठीमागे बांधूनच बसला.

ताट किती वेळ झाकायचं, हा खरा प्रश्न. पूर्वी म्हणे ते आगबोटीची बंदरं म्हणत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. बोट अशी सावकाश जाऊन परत भाऊच्या धक्क्याला लागली की अंडं तयार. पण मी राहायला गेलो तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, आणि दादांनी बंदरं सोडून घोषणा धरल्या होत्या. ताट झाकलं की ते दाराकडे तोंड करून उभे राहत आणि छाती भरून म्हणत, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि आमच्या गॅलरीतल्या अकराच्या अकरा खोल्यांतून जबाब येई, "झालाच पाहिजे!" कोणी दाढी करत असे, कोणी पोरीची वेणी घालत असे, पण जबाब चुकत नसे. अशा एकवीस झाल्या की वरचा पांढरा भाग घट्ट, आतला पिवळा मऊ, आणि निदान चार शेजारी आपापली ताटली घेऊन दारात. मी एकदा माझं मनगटी घड्याळ पुढं केलं तर त्यांनी ते कौतुकानं पाहिलं आणि परत दिलं. "घड्याळ बंद पडता, मास्तर," ते म्हणाले. "घोषणा बंद पडना नाय."

अन्न टाकलेलं त्यांना बघवत नसे. अंड्याची टरफलं चुरून ते डब्यात लावलेल्या मिरचीला घालत. पावाचा चुरा चिमण्यांना जाई. मी एकदा करपलेली चपाती केराच्या टोपलीत टाकली तर त्यांनी ती काढून, झटकून, माझ्यादेखत खाल्ली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. अशा माणसावर चाळीच्या कमिटीनं जी कामगिरी सोपवली ती सोपवायला नको होती. पण दादांचा नेम चाळीत प्रसिद्ध होता. लहानपणी त्यांनी दगडानं आंबे पाडले होते आणि म्हणे देठाला मारून पाडले होते, आंब्याला ओरखडा नाही.

झालं असं, की मुंबई महाराष्ट्राला देऊ नये अशा मताचे कोणी पुढारी परळच्या एका मैदानात सभा घेणार होते. कमिटीच्या चिटणिसांनी ठरवलं की आपल्या चाळीतर्फे त्यांचं टोमॅटो आणि अंडी यांनी स्वागत करायचं. फेकणार दादा. मालही वर्गणीच्या पैशांतून त्यांनीच आणायचा, पण त्यांना पाळी होती म्हणून बाजारात गेलो मी, आणि हे चिटणिसांना माहीत नव्हतं. आता माझी चूक सांगतो. सडके टोमॅटो आणायचे होते, हे मला पाठ होतं. पण लालबागच्या बाजारात भाजीवालीसमोर उकिडवा बसलो आणि हाताला जी सवय होती तेच हातानं केलं. एकेक टोमॅटो फिरवून, दाबून, डाग बघून निवडला. अंडीसुद्धा उन्हासमोर धरून पारखून घेतली. 'बाई, सडके द्या' असं म्हणायला माझी जीभ रेटेना, मी मास्तर माणूस! टोपली भरून मी ती दादांच्या हवाली केली आणि वर पंचा झाकला.

सभेत आम्ही पाचव्या रांगेत होतो. चिटणिसांनी डोक्यावरची टोपी काढली की फेकायचं, असं ठरलं होतं. पुढारी बोलायला उभे राहिले आणि चिटणिसांनी टोपी काढली. दादांनी टोपलीतून टोमॅटो घेतला, हात वर नेला आणि तसाच खाली आणून टोमॅटोचा वास घेतला. चिटणिसांनी टोपी घातली, पुन्हा काढली. दादांनी दुसरा घेतला. दाबून बघितला आणि जपून जागच्या जागी ठेवला. चिटणिसांनी तिसऱ्यांदा टोपी काढली, चांगली उंच धरली, तेव्हा व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांची नजर त्यांच्यावर गेली. मैदानभर शिव्या खाणाऱ्या त्या गृहस्थांना आपल्याला कोणीतरी मान देतो आहे असं वाटलं असावं. त्यांनी गहिवरून चिटणिसांना नमस्कार केला.

त्या संध्याकाळी गॅलरीत जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि लगेच लाजही वाटते. "तो मला नमस्कार करतो! मला!" चिटणीस ओरडत होते. "उद्या पेपरात फोटो आला तर तोंड कुठं लपवू मी? काय रे, काय झालं होतं तुला?" दादा खाली मान घालून म्हणाले, "हात उठलो नाय." एवढंच. टोमॅटो चांगले होते हे त्यांनी सांगितलं नाही, कारण मग ते आणले कोणी हे विचारलं गेलं असतं. आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. चिटणिसांनी निवाडा दिला की हा माणूस फितूर आहे, मोर्चात याच्या हातात फलक नाही, आणि याच्या घोषणेला कोणी जबाब द्यायचा नाही. टोपलीसुद्धा त्यांनी परत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी नेहमीसारखं ताट झाकलं, दाराकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." अकरा खोल्यांतून चकार शब्द नाही. फक्त कुठंतरी बादली वाजली. ते थांबले. पुन्हा म्हणाले, पुन्हा थांबले. मग दुसरा अर्धा त्यांनी स्वतःच हळू आवाजात म्हटला, आणि वाट बघण्याच्या नादात अंडी रबरासारखी झाली. मी चौथीच्या वह्या तपासत होतो. म्हणजे एकच वही चार वेळा तपासत होतो. खोलीतल्या खोलीत मी जबाब दिला असता तर मला कोण फासावर देणार होतं? पण दिला नाही. उलट दादांनीच माझ्या ताटात एक अंडं जास्त वाढलं. असे तीन दिवस गेले. दारात ताटली घेऊन कोणी येईना, आणि घाईनं जगणारा तो माणूस सावकाश जेवायला लागला.

गुरुवारी संचारबंदी लागली. गिरण्या बंद, बाजार बंद, खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी. शुक्रवारी दुपारपर्यंत चाळीत बहुतेक घरी पेजेवर आणि मिठावर आलं होतं. दादांनी कॉटखालून ती टोपली ओढली. पंचा काढला तर एकही अंडं कमी नव्हतं. वर्गणीची वस्तू म्हणून त्यांनी हात लावला नव्हता. फक्त टोमॅटो रोज वरखाली करून ठेवले होते.

"चाळीची अंडी चाळीच्याच पोटात गेली पायजेत," ते म्हणाले. "कांदो चिरा."

सहा अंडी एका खेपेला, अशा चार खेपा करायच्या होत्या. पहिलं ताट झाकलं. खाली पोलीस होते म्हणून ते अगदी पुटपुटले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि सवयीनं थांबले. माझे डोळे कांद्यानं भरले होते, की कशानं, कोण जाणे. मी म्हणालो, "झालाच पाहिजे." पन्नास पोरांना गप्प करणारा माझा आवाज, पण तेव्हा जेमतेम ओठांबाहेर आला. दादांनी मागं वळून बघितलं नाही. हातातली पळी मात्र त्यांनी खाली ठेवली. पुढच्या घोषणेला शेजारच्या वहिनींचा आवाज मिळाला. मग त्यापलीकडच्या खोलीचा. सातव्या-आठव्या घोषणेला समोरच्या टोकाच्या बंद दारामागून चिटणिसांचा जबाब आला. त्यांना जन्मात कुजबुजता आलं नव्हतं. त्यांची कुजबुज थेट रस्त्यावर गेली आणि खालून हवालदार ओरडला, "कोण आहे रे तिकडं? घोषणा कोण देतंय?"

"घोषणा नाय, साहेब!" चिटणीस दार उघडून म्हणाले. "अंडी शिजतायत!"

हवालदारानं मान वर केली. वासही खाली पोचला असावा. "मग हळू शिजवा की!" तो म्हणाला.

पाव नव्हताच, पेजेबरोबर सगळ्यांनी ते कालवण खाल्लं. चिटणीस आमच्या उंबऱ्यावर बसून ताटली बोटानं पुसत म्हणाले, "टोमॅटो काय निवडून आणलेत! आणले कुणी?" मी सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं. दादा स्टोव्हला पिन मारत म्हणाले, "माका कळला होता. सडक्या टमाट्याक असो रंग खयसून येतलो?" चिटणीस चूक कबूल करणाऱ्यांतले नव्हते. "पुढच्या खेपेला माल मी आणीन," ते म्हणाले. "मास्तर, तुम्ही फक्त घोषणा द्या. आणि दादा, मोर्चात फलकाची डावी काठी तुमची." असं म्हणून त्यांनी ताटली पुन्हा पुढं केली.

पुढं राज्य झालं. त्या दिवशी चाळीत रोषणाई होती, पेढे होते, आणि दादांनी लंगडीही चढवली होती. ताट झाकलं, दाराकडे तोंड केलं, छाती भरून घेतली आणि तोंड मिटलं. मागणी पुरी झाली होती. "मास्तर," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आता काय म्हणूचा?" त्या दिवशी अंडी कच्ची राहिली. काही दिवसांनी ते पुन्हा बंदरांवर आले. हर्णै, दाभोळ, जयगड. मालवण आलं की आवाज जरा हळू होई. अशाच एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "घराकडे सात कोंबयो होत्यो. पण अंडी सगळी बाजारात जायत. अख्खा अंडा मी पयल्यांदा हय येवन खाल्लंय, ह्याच खोलयेत, काकाच्या हातचा. मगे फेकतलंय कसो?" दोन वर्षांनी ते नोकरी सोडून गावी गेले. जाताना लंगडी मला देऊन गेले. वर्षातून दोन कार्डं येत. मग एक येऊ लागलं. मग त्यांच्या मुलाचं आलं.

आता मी दादरला राहतो. घरात गॅस आहे, भिंतीवर घड्याळ आहे. बायको बहिणीकडे गेली की मी ती लंगडी काढतो, टोमॅटो निवडताना अजूनही फिरवून बघतो, खळगे करून अंडी सोडतो आणि ताट झाकतो. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून पहिला अर्धा म्हणतो आणि थांबतो. आमच्या इमारतीत दारं बंद असतात. दुसरा अर्धा मग मीच म्हणतो. अंडी जरा जास्तच शिजतात.