ताणावरची मोसंबी

धरणाचं पाणी आमच्या नदीकाठच्या रानात येणार हे ठरलं, तेव्हा बदली जमीन मिळाली ती वर माळाला. तिथे विहीर होती, पाणीही बरं होतं, पण झाड म्हणून नव्हतं. खालच्या रानात सासऱ्यांनी लावलेली मोसंबीची बाग नुकती धरायला लागली होती. माळावर नवी कलमं लावायची म्हणजे फळ दिसायला पुन्हा पाच-सहा वर्षं. सासरे सत्तरीला आले होते.

"तवर मी कुठला ऱ्हातोय," एवढंच ते म्हणाले, आणि झाडं मुळासकट वर न्यायची असं ठरलं. यजमान नोकरीला बाहेरगावी, म्हणून व्यवस्था माझ्याकडे आली. मी कामं ओळीने लावून घेते. आधी अवजार, मग वरचे खड्डे, मग झाडं.

ट्रॅक्टर भाड्याने मिळायचा तो सोनईला. मालकाच्या वाड्यामागे पत्र्याच्या शेडात त्याची सगळी अवजारं पडलेली असत. मी आणि त्याचा ड्रायव्हर एकेकापाशी जाऊन उभे राहिलो.

"वयनी, झाडं हलवायचीत का गाव?" तो म्हणाला.

"गाव सरकार हलवतंय. मला झाडांचं सांगा."

मग तो नीट बोलायला लागला. खड्डे घ्यायचं गिरमिट होतं. ते माळाच्या मुरमात चालेल, पण त्याचा खड्डा अरुंद, झाडाच्या मुळाला पुरायचा नाही. तरी एका जागी दोन-तीनदा फिरवून मग टिकावाने रुंद करता येईल, म्हणून ते घेतलं. एका दाताचा खोल नांगर होता. तो झाडाखालून घातला तर मुळं एका झटक्यात तुटतील, असं ड्रायव्हरचं म्हणणं. मला तो झटकाच नको होता, म्हणून तो बाजूला ठेवला. पलटी नांगर ओळीच्या दोन्ही अंगांनी चर पाडायला घेतला, म्हणजे कुदळीचं निम्मं काम वाचेल. उचलायला हायड्रॉलिकवर बसणारा लोखंडी पाइप, टोकाला आकडा. तो ऊस उचलायला केलेला होता, त्याला जाड साखळी बदलून घेतली. ट्रॉली बुटकी, फळ्या काढता येणारी.

निघताना ड्रायव्हर म्हणाला, "रान ओलं हाय ना? हुंडी वलीवर बांधली तर टिकती. कोरडी असली तर आकडा काय अन् क्रेन काय, सारखंच."

हुंडी म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, गोणपाटात बांधून उचलायचा. आणि आमचं रान ओलं नव्हतं.

मोसंबीला आंबेबहार धरायचा तर थंडीत पाणी तोडतात. झाड सुकू देतात, पानं गळू देतात, मग पाणी दिलं की ते फुलून येतं. याला ताण देणं म्हणतात. सासऱ्यांनी रीतीप्रमाणे सगळ्या बागेला ताण दिला होता. झाडं हलवायची ठरली तरी त्यांनी पाट उघडला नव्हता. मी घरी आल्यावर विषय काढला.

"मामा, वरच्या अंगाच्या ओळींना उद्या पाणी सोडू. आधी त्याच न्यायच्यात."

"आन् खालच्या?"

"खालच्या राहू द्या ताणावर."

"मुळं काय तुझ्या-माझ्या बांधापत्तर थांबत्यात व्हय? वर पाणी दिलं की खालचा ताण मोडला. बहार गेला."

"पण धरणाचं पाणी आल्यावर बहार घेऊन काय करायचं?"

"यंदा यायचं न्हाई पाणी. सरकारचं काम हाय ते. आर्धी झाडं वर जाऊ द्या, आर्ध्यांवर एक फळ घिऊ. मग बघू."

त्यांना बागही वाचवायची होती आणि शेवटचं पीकही सोडवत नव्हतं. मी दोन दिवस वाद घातला. बाग त्यांची होती. पाट बंदच राहिला.

नांगराने चर सरळ पडले. तिथपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. मग गडी कुदळीने गोळा कोरायला लागले आणि काळी माती ढेकळाढेकळाने सुटायला लागली. पहिलं झाड आकड्याला उचललं तसं गोणपाटातून ढेकळं घरंगळली आणि उघडी मुळं हवेत लोंबायला लागली. ड्रायव्हरने ट्रॅक्टर बंद केला.

"आबा, झाड न्हाई हे, खराटा हाय."

"तुला भाडं मिळतंय ना? उचल तू."

"भाडं मिळतंय वो. पन माझ्या हातनं मेलं म्हनू नगा उद्या."

सासऱ्यांनी डोक्याचा पटका सोडला, रानातल्या विहिरीवर जाऊन भिजवून आणला आणि मुळांना गुंडाळला. पुढच्या झाडांना मी घरातली जुनी लुगडी फाडून दिली. जमेल तेवढा शेंडा छाटला, खोडाच्या उत्तर बाजूला चुन्याने खूण करून घेतली, वर त्याच दिशेला तोंड करून लावली. पाणी भरपूर दिलं. करायचं ते काही राहिलं नव्हतं.

उन्हाळा लागला तशी मी रोज सकाळी वर जाऊन नखाने साल खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं तर झाड आहे. आधी फांद्या तपकिरी निघाल्या, मग खोडं. वैशाखात एकही हिरवं उरलं नाही. सासऱ्यांनी ती स्वतःच उपटली. एका हाताने येत होती.

खालची झाडं मात्र पाट सोडल्यावर बेफाम फुलली. ताण चांगला बसला होता. एवढं फळ त्या बागेने कधीच धरलं नव्हतं. सासरे पावसाळाभर तिथेच बसून असायचे, फांद्यांना टेकू देत. भाद्रपदात पाणी बांधापर्यंत आलं, मग पहिल्या ओळीत शिरलं. फळं हिरवी, कडक, लिंबापेक्षा थोडी मोठी. पिकायला अजून दोन महिने तरी हवे होते.

खालची झाडं तरी उचलून वर न्यावी म्हणून त्यांनी मला पुन्हा सोनईला पाठवलं. ड्रायव्हर आला, बांधावरून बघितलं आणि चावीसुद्धा काढली नाही. "आबा, ट्रॅक्टर रुतून बसंल. आता न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी सासरे मांडीभर पाण्यात उतरले आणि उपरण्यात मावतील तेवढी हिरवी फळं तोडून आणली. माझ्यापुढे ओतली. "लोनचं घाल," म्हणाले.

घातलं. कडू झालं. घरात कोणी तोंडाला लावलं नाही. ते रोज भाकरीबरोबर एक फोड घेत, सावकाश चावत, आणि बरं झालंय म्हणत.