मृदू म्हणू नका तिला

विमल गेल्याचं तिच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं... दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, ‘मृदू स्वभावाच्या निवृत्त न्यायाधीश’. महिना होत आला, तो शब्द अजून टोचतोय. विमल मृदू नव्हती.

सोलापुरात आम्ही एकत्र वकिली शिकलो. मी नवी पेठेतल्या कापडवाल्याची रझिया, ती मंद्रूपकडच्या बौद्ध वस्तीतली. मी वकील झाले, ती न्यायाधीश. तिच्यापुढं एक दावा आला. एका गावच्या पुढाऱ्यानं कुंपण घालून तिथल्या बौद्ध वस्तीची स्मशानाकडं जाणारी वाट अडवली होती. सुनावणीच्या दिवशी मी दुसऱ्या कामासाठी कोर्टात बसले होते. पुढाऱ्याचे वकील हसतच उठले. “मॅडम वादींच्याच समाजाच्या. प्रकरण दुसरीकडं गेलेलं बरं.”

विमलनं आवाजसुद्धा चढवला नाही. “लेखी द्या. आणि तुमच्या समाजाचे न्यायाधीश असताना तुम्ही असा अर्ज कधी केला होता, तेही त्यात लिहा.”

अर्ज आलाच नाही. मग ती स्वतः जागा बघायला गेली. पुढाऱ्यानं मांडव घातला होता, खुर्ची, सरबत, सगळं तयार. तिकडं न बघता ती उन्हातून कुंपणापर्यंत चालत गेली. तिथं एक म्हातारी तिला म्हणाली, “आमी मढं वढ्यातनं नेतो, बाई. पावसाळ्यात छातीएवढं पानी असतंय.” हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

निकाल लागला, कुंपण निघालं. पाठोपाठ विमलची बदली झाली, मुदतीआधीच, पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला. मी चिडले. “अगं, दाद माग की!”

पुस्तकं बांधता बांधता ती म्हणाली, “बदली माझी झालीय, रझिया. निकालाची नाही.”

निकाल वरच्या कोर्टातही टिकला. आज वाटेच्या दाव्यांत परजिल्ह्यातले वकीलही तो पुढं करतात. निवृत्तीनंतर तिला एका आयोगावर बोलावणं आलं. तिनं नकार दिला, घराच्या बाहेरच्या खोलीत एक बाकडं टाकलं आणि दर रविवारी येईल त्याची कागदपत्रं वाचून सल्ला देऊ लागली. शेवटच्या आजारातही रविवार चुकवला नाही.

गेल्या रविवारी मी तिथं गेले होते. खोली भाड्यानं द्यावी का, असं पुतण्या विचारत होता. तेवढ्यात मैंदर्गीहून आलेली एक बाई दारात उभी राहिली, छातीशी पिशवी धरून.

“जजताई हायत का?”

“त्या गेल्या हो...” पुतण्या म्हणाला.

ती उंबऱ्यावरच थबकली. “मग आता मी कुटं जाऊ?”

मी पुतण्याकडं बघितलं, पदरानं बाकडं पुसलं.

“कुटं न्हाय,” मी म्हटलं. “हितंच बसा. कागद दाखवा.”