दोन डिस्कची पूजा
भाऊ मंगळवारी गेला. आज दसरा आहे आणि शेजारच्या दारातून झेंडूचा वास येतो आहे. नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या आमच्या घरी त्याच्या संगणकाचं झाकण कायम उघडं असे आणि दोन हार्ड डिस्क बाहेर टेबलावर पडलेल्या असत. एकीवर विंडोज आणि माझा प्रबंध होता. दुसरीवर लिनक्स आणि मराठी अक्षरांसाठी त्याने दोन वर्षं लिहिलेला प्रोग्रॅम. हवी ती डिस्क तो वायरीला जोडायचा. एका दसऱ्याला आईने आमच्या पुस्तकांबरोबर दोन्ही डिस्कना ओलं हळदकुंकू लावलं. त्याची डिस्क पालथी, सर्किटची बाजू वर करून पडलेली होती. "अगं आई, उघड्या सर्किटवर काय लावतेस!" तो ओरडला. "मग? हिची पुजायची आणि तुझी तशीच ठेवायची?" आई म्हणाली. त्याने दोन्ही पुसल्या, वाळवल्या आणि आधी माझी जोडली. प्रबंध उघडला. मग त्याची जोडली; ती नुसती टकटक करत राहिली, सुरू झालीच नाही. प्रोग्रॅमची दुसरी प्रत नव्हती. "देवीला माझंच आवडलं गं," तो आईला म्हणाला आणि हसला. ते काम त्याने पुन्हा हाती घेतलं नाही. माझा प्रबंध कपाटात आहे. त्याच्या हातचं घरात काही नाही.