घोंगड्यांत गुंडाळलेला फ्रिज

युसूफभाईंचा फोन आला तेव्हा मी सकाळचे डबे भरत होते. ते कधी अशा वेळी फोन करत नाहीत. "ताई, आत्या गेल्या," ते म्हणाले. "चहा घेतला, कप खाली ठेवला आन् भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच..." मग, दुसरं काही सुचेना म्हणून असेल, ते हळूच म्हणाले, "फ्रिज चालू हाय." आणि रडता रडता मला हसू फुटलं. पुतळाआत्याची ही बातमी मला युसूफभाईंनीच द्यायला हवी होती, आणि ती अशीच द्यायला हवी होती.

पुतळाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कन्हेरीत दिलेली, एकेकाळी मेंढरं राखणाऱ्या आणि पुढं शेतीत स्थिरावलेल्या घरात. आम्ही बारामतीत राहायचो. एक्याण्णव-ब्याण्णव साल असेल, वडिलांनी नवा फ्रिज घेतला आणि जुना, फिकट हिरवा, एका दाराचा, आत्याला द्यायचं ठरवलं. युसूफभाईंचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आमच्या घराजवळच होतं. त्यांनी बजावलं, "आडवा घालून नेऊ नका. उभाच गेला पायजे." झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फ्रिज उभा केला, दोरानं बांधला, आणि तरी आत्याचा त्या दोरावर विश्वास बसेना. बारामती ते कन्हेरी ती त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी राहिली. मी शेजारी बसलेली, बारावीतली, लाजेनं चूर. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आत्या फ्रिजच्या आडून तोंड काढून सांगायची, "सासरी चाललाय."

पहिल्या दोन महिन्यांतच तिनं त्याला जवळजवळ मारलं होतं. वरच्या कप्प्यात बर्फाचा थर धरला, भांडं निघेना, म्हणून तिनं उलथनं घातलं. फुस्स असा आवाज झाला आणि गॅस निघून गेला. ओळखीपाळखीचे सगळे म्हणाले, आता भंगारात घाला. आत्या दोन दिवस जेवली नाही म्हणतात. तिसऱ्या दिवशी ती एसटीनं बारामतीला आली आणि युसूफभाईंच्या दुकानासमोर उभी राहिली. "माझ्या हातानं झालंय," ती म्हणाली. "जितं करता यील का?" युसूफभाई तेव्हा तिशीतले, कमी बोलणारे. ते कन्हेरीला आले, भोक शोधलं, बुजवलं, नवा गॅस भरला. एवढ्या वेळात आत्या त्यांच्या खांद्यावरून सगळं बघत होती आणि एकेक गोष्ट विचारत होती. ही काळी जाळी कशाला? गरम का लागती? दाराला रबर का? शेवटी ते हातातलं काम ठेवून म्हणाले, "आत्या, तुमाला शिकायचंच हाय का?" ती म्हणाली, "व्हय. घरात आणलाय तर त्याचं दुखणं नको का कळाया?"

शिकली. शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई, पण फ्रिजच्या बाबतीत पक्की झाली. पाठीमागची जाळी दर पंधरा दिवसांनी कुंचल्यानं झाडायची, कारण चुलीची राख तिथं जाऊन बसते. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं. पुढचे पाय जरासे उंच, म्हणजे दार आपसूक लागतं. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं, सहज निघाला तर गारवाही तिथूनच निघतो. रबर कोमट पाण्यानं पुसून त्याला पावडर लावायची. माझ्या चेहऱ्याला कधी लावली नाही एवढ्या मायेनं. बायका तिला बोलावू लागल्या. काटेवाडीला हळदीकुंकवाला गेली तरी आधी यजमानीणबाईंचा फ्रिज पुढं ओढून व्हायचा, मग कुंकू. मुलासाठी डाळजला मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांची बशी तशीच ठेवून ही आत गेली आणि बाहेर येऊन मामांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, कानात म्हणाली, "जाळी लख्ख पुसलेली हाय. सोयरीक करा." लग्नानंतर कळलं, जाळी मुलीचे वडील पुसायचे. आत्या सुनेला घेऊन पोट धरून हसली, आणि त्यापुढं व्याह्यांना सगळ्यांत जास्त मान.

पण मला सांगायचं आहे ते मेंढरांच्या लशीचं. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराचा रोग येतो, सांजेला धडधाकट असलेली मेंढी सकाळी पाय ताणून पडलेली सापडते. मामांचे चुलतभाऊ कोंडिबातात्या अजून कळप राखायचे. त्या वर्षी त्यांची अकरा मेंढरं चार दिवसांत गेली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी आसपासच्या सगळ्या कळपांसाठी लस आणली, आणि नेमका दवाखान्यातला फ्रिज बंद. डॉक्टर लशीचा डबा घेऊन आत्याकडं आले. दुसऱ्या दिवशी टोचायची होती. आत्यानं बाटल्या खालच्या फळीवर लावल्या, बर्फाजवळ नाही, कारण गोठली तरी लस वाया. आणि त्याच दिवशी भर दुपारी, जूनच्या उकाड्यात, फ्रिज बंद पडला.

गावात फोन डेअरीत. आत्या तिथं गेली आणि बारामतीला दुकानात लावला, तर युसूफभाई इंदापूरला कामावर गेलेले. तिथला नंबर घेतला, लावला. युसूफभाईंनी विचारलं, आवाज कसा येतोय? आत्यानं डेअरीत बसलेल्या सगळ्या बाप्यांसमोर आवाज काढून दाखवला. "टक... हूंऽऽ... टक. मग गप. मग पुन्यांदा टक." माणसं हसायला लागली. तिनं हातानं त्यांना गप्प बसवलं आणि परत पहिल्यापासून काढला. पलीकडून युसूफभाई म्हणाले, "मोटार चांगली हाय. रिले गेलाय, तिला ढकलून चालू करणारा बारका भाग. मी घेऊन येतो. तवर पिन काढून ठेवा आन् दार उघडू नका, काय वाट्टेल ते झालं तरी."

आत्या घरी आली तेव्हा दारात कोंडिबातात्या आणि इतर कळपवाले जमले होते. त्यांना धीर निघेना. तात्या म्हणाले, "येकदा उघडून बघ की पुतळा, गार हाय का."

"न्हाय उघडायचं."

"आगं, माझी मेंढरं हायती ती."

"म्हनूनच न्हाय उघडायचं." मग तिची नजर तात्यांच्या खांद्यावर गेली. "घोंगडी काढा. सगळ्यांनी."

कुणाला काही कळेना. आत्या म्हणाली, "थंडीत घोंगडं आतली ऊब भाईर जाऊ देत न्हाय. मंग भाईरची ऊब आत तरी कशी जाऊ दील?" सहा-सात घोंगडी निघाली. तिनं फ्रिज डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळला, दोरीनं आवळला आणि स्वतः दाराला पाठ लावून बसली. मी सुट्टीला तिथंच होते. त्या मेंढरांच्या लोकरीच्या वासात बसलेली आत्या आणि समोर ओळीनं बसलेले फेटे. ऊन कलल्यावर युसूफभाईंची मोटारसायकल आली. इंदापूरहून वाटेत कुठं न थांबता आलेले, पापण्यांवर धूळ. त्यांनी मागची बाजू मोकळी केली, डबीएवढा भाग बदलला, पिन लावली. हूंऽऽ झालं आणि यावेळी थांबलं नाही. तोवर डॉक्टरही आले होते; त्यांनी घोंगडी सोडून दार उघडलं, बाटल्यांमध्ये ठेवलेलं आपलं तापमापक बाहेर काढलं, उजेडाकडं धरलं. "सात," ते म्हणाले. "आठपर्यंत चालतं." कोंडिबातात्या खाली बसले आणि फेट्याच्या टोकानं डोळे पुसू लागले. दुसऱ्या दिवशी सगळे कळप टोचून झाले. त्या पावसाळ्यात कन्हेरीत त्या रोगानं एकही मेंढरू गेलं नाही.

नंतर त्या फ्रिजची मोटार दोनदा बदलली, रबर तीनदा, रंग तर आत्यानं स्वतःच्या हातानं दिला. मुलानं मोठा दोनदारी आणला, तरी हा चालूच राहिला. युसूफभाई म्हणायचे, "ह्याच्यात आता जुनं फक्त नाव हाय." आत्या म्हणायची, "आन् मी."

तिची एक सवय मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. वीज जाऊन परत आली की फ्रिज लगेच लावायचा नाही, मोटारीला दम खाऊ द्यायचा, पाच मिनिटं. आत्या दिवसभर कधी बूड टेकायची नाही, पण ती पाच मिनिटं फ्रिजजवळ पाटावर बसायची आणि जो कुणी समोर असेल त्याला म्हणायची, "हं, सांग." मी तिला माझ्या नापास झालेल्या पेपराचं तेव्हाच सांगितलं होतं. लग्न कुणाशी करायचंय तेही. दोन्ही वेळा तिनं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि उठून बटण दाबलं.

परवा पुण्यात आमच्याकडची वीज गेली आणि अर्ध्या तासानं आली. आताच्या फ्रिजना असं थांबावं लागत नाही, मला माहीत आहे. तरी मी बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. लेक कॉलेजातून आलेली, पाणी प्यायला आत आली, म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. बस. सांग."

ती बसली. नखं बघत बघत बोलायला लागली... पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. मी उठले नाही.