नसीमला दिसलेली दीर्घिका

"ताई, नसीम गेली," तिचे नवरे सलीमभाई फोनवर एवढंच म्हणाले आणि रडू येण्याआधी मला भीतीच वाटली.

नसीम आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी मराठी. शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरी सुट्टीच्या दुपारी ती संगणकावर आकाशाचे फोटो तपासत बसे. मोठ्या दुर्बिणींचे हे फोटो इतके असतात की शास्त्रज्ञ हौशी लोकांची मदत घेतात. गेल्या वर्षी एका दुपारी तिनं मला घाईनं बोलावलं. चेहरा पांढराफटक. "सुमे, हितं काय दिसतंय का तुला? खरं सांग." बरेच दिवस तिचं डोकं दुखायचं, मधूनच नजरेसमोर डाग यायचे, पण डॉक्टरचं नाव काढू देत नव्हती. मी वाकून पाहिलं. काळ्या पडद्यावर मसुराएवढा फिकट ठिपका होता, मध्ये फुगीर, टोकांना निमुळता. "दिसतोय की!" म्हटल्यावर तिनं माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली.

पुढं शास्त्रज्ञांचं उत्तर आलं. ती भिंगाच्या आकाराची दीर्घिका होती, अब्जावधी ताऱ्यांचा समूह, फार दूरची, आजवर कुणी न नोंदलेली. सलीमभाईंनी गल्लीभर पेढे वाटले. नसीम मात्र मला म्हणाली, "तिथं आता नवे तारे जन्मत न्हाईत गं. जुने तेवढे जळत राहायचे..."

पेढे संपलेही नव्हते, तोच तिनं पुन्हा पडद्यावर बोट ठेवलं. "तिच्या शेजारी ही दुसरी बघ." मी चष्मा पुसून पाहिलं. तिथं नुसता काळोख होता. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "न्हाई ना?"

"नाही गं."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशनला नेताना म्हणाली, "डोळे मिटायची लई भीती वाटती, सुमे." ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

परवा तिच्या घरी गेले. आयुष्यभर ट्रक चालवलेले सलीमभाई तिच्या संगणकासमोर बसले होते, पडदा बंद. "तिचे आकाशाचे फोटो अर्धे राहिलेत बघायचे," ते म्हणाले.

"ते बघायची भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटती की. एकट्यानं बटण दाबवत न्हाई. तुमी आलात, आता लावतो."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले.