माळावरची पिंजाऱ्याची पोर

"थांबा की मास्तर, बघूया तर," असं ती म्हणायची, आणि म्हणेपर्यंत तिचं बोट त्या वस्तूला लागलेलंही असायचं. वारूळ असो, चुलीतली गरम राख असो, नाहीतर बसलेल्या बैलाची पापणी असो. तुमच्याही पाहण्यात असं एखादं पोर असेल. पण तुम्ही ते भल्या दिवसांत पाहिलं असेल. मी तिला पाहिलं ते प्लेगाच्या साथीत, जेव्हा कशालाही हात लावायची आम्हा मोठ्यांची छाती होत नव्हती.

महाराजांच्या कारकिर्दीतली ती वर्षं. घरात उंदीर मरून पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि कोल्हापूरबाहेर माळावर कडब्याच्या झोपडीत राहायला जायचं, असा रिवाजच पडला होता. मी पेठेतल्या मुलांच्या शाळेत मास्तर. माझा धाकटा भाऊ आदल्या साथीत बघता बघता गेला होता. मुळात मी भित्रा, त्यात हे. कुणी नुसतं अंग दुखतंय म्हणालं तरी मी चार पावलं मागे सरायचो.

शाळा बंद पडली तेव्हा माळावरच्या लोकांनी आपली पोरं माझ्या गळ्यात घातली. ती गावाकडे पळू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. पाट्या-पुस्तकं सगळी शाळेत कुलपात. ती आणायला गावात जाणार कोण? मी तर नाहीच नाही. मग एका चिंचेखाली पोरांना बसवलं आणि बजावलं, "काय करायचं ते करा, पण ह्या सावलीबाहेर पाऊल टाकायचं नाही." आमच्या त्या शाळेचं शिक्षणशास्त्र एवढंच होतं.

गावात असती तर पिंजाऱ्याची पोर शाळेत कशाला आली असती? सरकी काढायची, कापूस निवडायचा, धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडायचं. माळावर कापूस नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं आणि माझ्याकडे हजेरीपटही नव्हता. ती आली आणि बसली. आठ-नऊ वर्षांची असेल. परकर ढोपरापर्यंत खोचलेला आणि केसांत कायम गवताच्या काड्या.

पहिल्याच दिवशी तिनं मला गाठलं.

"मास्तर, सावली तर चालत्या. मग आमी बी चालायचं का?"

मी हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार? त्या दिवसापासून आमची शाळा चिंचेभोवती फिरू लागली. कोणती वेळ झाली की सावली कुठं पोचते, ते बघून ती दगड मांडायला लागली. एक दगड बायका भाकरी थापतात तेव्हाचा, एक गुरं पाण्यावर नेतात तेव्हाचा, एक तिचा बाप नमाजाला उभा राहतो तेव्हाचा. मग तिला त्या दगडांवर कोळशानं लिहायचं होतं.

"भाकरी कशी काढायची, मास्तर?"

"आधी 'अ' शीक."

"अ कुटं लागतोय मला? भाकरीत हाय का त्यो?"

मी 'भाकरी' काढून दाखवली. तिला हवा असलेला शब्द ती मागायची, घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी चार पोरांना शिकवून मोकळी व्हायची. पुढे पुढे बायका कालवण चुलीवर ठेवायच्या आधी तिला हाक मारून वेळ विचारायला लागल्या. मी बारा वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, पण मला कधी कुणी वेळसुद्धा विचारली नव्हती.

पण माझा जीव टांगणीला लागला होता तो तिच्या त्या बोटापायी. रोज सकाळी प्रत्येक झोपडीत आया पोरांच्या काखा आणि जांघा चाचपून बघायच्या. प्लेगाची गाठ लागली की संपलं. तिची आई चाचपायची तेव्हा मी उगाच तिकडून एक फेरी मारायचो. आई "जा आता" म्हणाली की मला चहा गोड लागायचा.

कडेच्या झोपडीत एक म्हातारी राहायची. देवाला अंधारात कसं ठेवायचं, म्हणून ती रोज लपून गावातल्या बंद घरी दिवा लावायला जायची आणि येताना ओटीतून जोंधळे आणायची. एके दिवशी तिच्याच झोपडीत उंदीर पडला. कळलं तर झोपडी जाळणार, सगळी वस्ती हलवणार. म्हातारीनं त्याच्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं आणि गप्प राहिली.

दुपारी पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, म्हातारीच्या डालग्याखाली उंदीर पडलाय."

"तुला काय माहीत?"

"कोंबडीचा आवाज न्हाय, आन् माशा लई. म्हणून उचलून बघितलं."

"हात लावलास?"

तिनं हात पाठीमागे नेले. "आदी काटकी लावली," ती म्हणाली. "मग बोट."

मी तसाच धावत जाऊन वस्तीतल्या लोकांना सांगितलं. त्याच संध्याकाळी म्हातारीची झोपडी जाळली आणि वस्ती ओढ्यापलीकडे नेली. उंदराला बोट लावलं म्हणून आयांनी आपली पोरं पिंजाऱ्याच्या पोरीपासून तोडली. तिनं एका बाभळीखाली नवे दगड मांडले आणि एकटीच बसली. मी जाऊन बसलो. थोडं अंतर ठेवूनच बसलो, पण बसलो. "भ्यालायसा व्हय मास्तर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "व्हय." तिनं मान डोलावली आणि 'ओढा' कसा काढायचा ते विचारलं.

आणि एका सकाळी ती आलीच नाही. बाप धावत आला. "अंग इस्तवावानी तापलंय."

मी त्यांच्या झोपडीबाहेर उभा राहिलो. आत जायला पाय उचलेना आणि परत फिरायलाही उचलेना. आतून आईचं रडणं ऐकू येत होतं. ती पुन्हा पुन्हा पोरीच्या काखा चाचपत होती. मध्येच पोरीचा बारीक आवाज आला, "अम्मा, गुदगुल्या हुत्यात." तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

गाठ आली नाही. दिवसाआड थंडी वाजून ताप भरायला लागला, तेव्हा कळलं की हा हिवताप. हिवताप झाला म्हणून उभ्या मुलखात कुणी साखर वाटली नसेल. ती आम्ही वाटली.

साथ ओसरली, घरं चुन्यानं पांढरी झाली, लोक नवस फेडायला लागले. मी तिच्या बापाला म्हटलं, "पोरीला कुठल्यातरी शाळेत घाला." तो हसला. "मग सरकी कोन काढणार, मास्तर?" त्याचंही खोटं नव्हतं.

पुढच्या थंडीत पुन्हा उंदीर पडले. मी तसाच भीत भीत माळावर गेलो. पिंजारी आला होता, पण पोर दिसेना.

"तिचा निकाह लावून दिला," तो म्हणाला. "कोडोलीला."

"बरी आहे ना?"

"बरी हाय. पर खुळ्यावानी करत्या वो. सासरी ज्याला त्याला इचारत्या, 'हितं पिलेग कवा येनार?' सासूनं परवा मारलं. अवदसा म्हणत्यात तिला." मग त्यानंच मला विचारलं, "तुमच्याकडं लई बसायची. असं का इचारत आसंल वो ती?"

मला ते ठाऊक होतं. तिच्या लेखी पिलेग आला तरच शाळा भरते, पण हे बापाला कसं सांगायचं? त्या वर्षी चिंचेखाली पुष्कळ पोरं जमली. मी मात्र रोज कोडोलीच्या दिशेला तोंड करून हात जोडायचो, की देवा, ती पोर ज्याची वाट बघतेय ते तिथवर पोचू देऊ नकोस.